व्याह्यांनी दिलेले चार टायर

१० जानेवारी

विहीणबाईंना, हाताचं वंगण पुसून नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. फोनच करणार होते. पण तुमच्याकडचा फोन दुकानाच्या टेबलावर, आणि व्याही तो स्पीकरवर लावून बोलतात. मागच्या खेपेला मी तुम्हाला माझ्या गुडघ्याचं सांगत होते, तर एका गिऱ्हाइकाने मधेच तेल सुचवलं. तेल लावून बघितलं, काही फरक नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथी दोनदा, तेव्हा अक्षराला हसायचं तर खुशाल हसा, मला इथून दिसणार नाही.

तुमचा निरोप मिळाला की व्याही विचारतात, टायर कसे चाललेत. छान चाललेत. लग्नात लोक भांडी देतात, चादरी देतात. व्याह्यांनी स्टेजवर चार टायर दिले, सोनेरी कागदात गुंडाळून. माझ्या चुलतभावाचं तेव्हा उघडं पडलेलं तोंड अजून नीट मिटत नाही. लग्नाला वर्ष होत आलं. पोरीच्या बापाने गाडी माझ्या हातात ठेवली आणि स्वतः वर निघून गेला, तेव्हापासून मी ती भाड्याने चालवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाच माणसं रोज कामावर नेते आणि आणते. टायर अगदी लोण्यासारखे.

आवाज म्हणाल तर अजिबात नाही. मी काही म्हटलं का आवाजाचं? कुणी काही सांगितलं असेल तर ते खोटं आहे. गाडीतला रेडिओ मी काढून टाकला तो वेगळ्या कारणाने. बँकेतले कॅशियरसाहेब कानात कापूस घालून बसतात, पण त्यांना सर्दीचा त्रास आहे. पुढच्या सीटवर बसणारी नर्सबाई कुठे उतरायचं ते मला हाताने खुणावून सांगते. बोलायची तिला मुळी हौसच नाही.

व्याह्यांना सांगा, भाड्याच्या गाडीला असे टायर मी जन्मात पाहिले नाहीत. हे मात्र अगदी मनापासून.

पोरीचं काय चाललंय ते लिहा. तिला विचारलं की "ठीक आहे" म्हणते. माझीच पोरगी आहे, ठीक म्हणाली म्हणजे काहीतरी शिजतंय.

तुमची,
मुलीकडची विहीण

◆

२२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही. मजकुराला हसले, पण तोंडावर हात ठेवून, कारण हे समोर बसले होते.

शिजतंय ते असं. सूनबाई दुकानात बसायला लागली आहे. तुमचे जावई महिन्यातले निम्मे दिवस कामाच्या फिरतीवर, हिचं घरात मन रमेना. स्वयंपाकात तिचा जीव नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. तिच्या हातची भाजी आम्ही मान खाली घालून खातो. मग एक दिवस ह्यांना ताप आला म्हणून ती दुकानात बसली, ती बसलीच. टायरवरचे आकडे तिला आता झोपेतसुद्धा वाचता येतात. ह्यांच्या दुकानात घरची बाई खुर्चीवर बसायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ह्यांनी अट घातली आहे. टायरांचा हंगाम पावसाळ्यापर्यंत, तो संपेपर्यंत बसून बघायचं. एक जरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं, तर खुर्ची उचलायची आणि तिने घरात यायचं.

तर झालं असं, नवा माल मागवायचा होता. तुम्हाला दिले तेच टायर, ट्रक भरून. सूनबाई म्हणाली, इतके नकोत, हे हलक्या गाड्यांचे आहेत, भाड्याच्या गाड्यांना चालायचे नाहीत, आणि आपल्याकडे निम्मं गिऱ्हाईक भाड्याच्या गाड्यांचंच. दोघेही हट्टी. माझा मधल्या मधे चहा थंड. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. मी कौतुकाने ह्यांना दाखवलं. ते ह्यांनी दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं. म्हणाले, ऐक, तुझी सख्खी आई काय लिहिते. भाड्याची गाडी, वर्षभर, लोणी.

ट्रक परवा आला. तुमचं पत्र टेबलाच्या काचेखाली लावलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. सूनबाई तेव्हापासून गप्प आहे. तुमच्या मुलीला गप्प बसता येतं हे मला या घरात पहिल्यांदा कळलं, आणि मला ते बरं वाटलं नाही.

म्हणून विचारते. टायर खरंच लोण्यासारखे आहेत ना?

आपली,
मुलाकडची विहीण

◆

३० जानेवारी

विहीणबाई,

ते पत्र काचेखालून काढा आणि जाळा.

लोणी कसलं आणि काय. गाडीने जरा वेग धरला की खालून हंबरडा सुरू होतो, कुणी म्हातारी पैसे देऊन रडायला बसवल्यासारखा. आणखी वेग घेतला की तिच्या जोडीला चार जणी येतात. सिमेंटच्या रस्त्यावर तर मला माझाच हॉर्न ऐकू येत नाही. रेडिओ काढला तो म्हणूनच. कॅशियरला सर्दी नाही, तो माणूस ठणठणीत आहे. नर्सबाई बोलत होती पूर्वी, आता घसा बसतो म्हणून खुणा करते. पाचातलं एक गिऱ्हाईक सोडूनही गेलं. जाताना म्हणालं, बाई, तुमची गाडी चांगली आहे, पण घरी गेल्यावरही ती डोक्यात चालू असते. परवा तर रस्त्यावरची कुत्री माझ्या गाडीवर भुंकायची सोडून पळाली.

तुम्ही म्हणाल, मग खोटं का लिहिलंत. धर्माची गाय आणि दात का नाय, असं मुलीच्या सासरी कोण विचारतं? मी आयुष्यात कुणाला तोंडावर बोलायचं सोडलेलं नाही. पोलिसाला सोडलं नाही, डॉक्टरला सोडलं नाही, पोरीच्या बापाला तर शेवटच्या दिवशीसुद्धा सोडलं नाही. पण पोरीने निघताना माझ्याकडे एकच मागितलं होतं. आई, माझ्या सासरी तुझं तोंड आवर. आवरलं. जन्मात एकदाच आवरलं, तर बघा, ट्रक आला.

म्हणजे पोरगी बरोबर बोलत होती आणि मी तिच्या आईने तिला खोटं पाडलं, तेही काचेखाली लावून. आता त्या टायरांच्या तक्रारी आल्या की खुर्ची कुणाची जाणार? माझी नाही. मला कधी कुणी दिलेलीच नव्हती.

मी उद्याच येते आणि व्याह्यांना सांगते. नाहीतर फोन करते, तो स्पीकरवर असतोच, सगळ्यांचं एकदम काम होईल. काय करू ते लगेच कळवा. मला वाट बघायची सवय नाही.

तुमची विहीण

◆

७ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

कृपा करून येऊ नका. निदान इतक्यात नको. आणि फोन तर मुळीच नको.

आवाजाचं म्हणाल तर तो आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा तुमची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच मी चहा टाकला होता. शेजारीण विचारत आली, पिठाची गिरणी कुठे सुरू झाली म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. ह्यांना विचाराल तर ह्यांना वाटतं ते तुमचं इंजिन आहे. म्हणाले होते, बाई गाडीची निगा राखत नाहीत, बिचारे टायर तरी काय करणार.

मला सुचतं ते असं. तुमच्याच गावात दुसरे टायर घ्या. हे भंगारात द्या. इथे कुणाला कळायचं नाही. झाकली मूठ झाकलेली राहील. मी इतकी वर्षं या घरात अशीच काढली आहेत आणि भांडण म्हणून झालेलं नाही.

सूनबाईला मात्र सांगितलं. ती खुर्चीत मागे रेलून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग कागद ओढून तीन प्रश्न लिहून दिले. आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो का? टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून बघ, कोणत्या बाजूने टोचतं? आणि टायरवर पिवळ्या रंगाने आपल्या दुकानाचं नाव रंगवलंय, ते गाडीच्या बाहेरून दिसतं का?

तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला लागला नाही. तिने सांगितलाही नाही.

आपली विहीण

◆

१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

पोरीला उत्तरं सांगा. आवाज बदलतो. डांबर नवीन असलं की म्हातारी मुसमुसते, सिमेंट आलं की ऊर बडवते. तळहात फिरवून बघितला. एका बाजूने मांजराच्या पाठीसारखं मऊ, दुसऱ्या बाजूने करवत. भर रस्त्यात गाडीशेजारी बसून टायर कुरवाळताना मला कॅशियरने पाहिलं. तेव्हापासून तो मागच्या सीटवर दाराला चिकटून बसतो.

नाव बाहेरून दिसत नाही. कसं दिसेल? मीच आत घालायला लावलं.

आता ऐकाच. लग्नानंतर सोनेरी कागद काढला, बघते तर प्रत्येक टायरवर हे एवढं दुकानाचं नाव आणि खाली "आमच्याकडूनच घ्या". व्याही म्हणाले होते, दुकानात या, फुकट बसवून देतो. म्हणजे टायरही त्यांचे, बसवणारही ते, आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची पाटी गावभर फिरवायची? मुलगी दिली, आता जाहिरातही करू? मी टायर आमच्या पंक्चरवाल्याकडे नेले. तो म्हणाला, बाई, यांच्यावर खडूने डावा-उजवा लिहिलंय, आणि रबरावर बाणसुद्धा आहे. मी म्हटलं, बाण तुझ्या डोक्यात आहे. डावे डावीकडे बसव, उजवे उजवीकडे बसव, फक्त नाव आतल्या अंगाला कर. त्याने ऐकलं. माझं सगळेच ऐकतात.

पण याचा आवाजाशी काय संबंध? नाव आत गेलं म्हणून टायर रडतात की काय? पोरीला म्हणावं, शहाणपणा नंतर, आधी कोणते टायर घेऊ ते सांग. इथला दुकानदार मला लाल पट्ट्याचे दाखवतोय. दिसायला फार छान आहेत.

तुमची विहीण

◆

२१ फेब्रुवारी

आई,

हो. नाव आत गेलं म्हणूनच रडतात.

या जातीच्या टायरला पळायची एकच दिशा असते. तो बाण त्यासाठीच असतो, शोभेला नाही. सासऱ्यांनी नाव बाहेरच्या बाजूला रंगवलं आणि त्या हिशोबाने डावे-उजवे ठरवले. तू डावे डावीकडेच ठेवून त्यांना आतून बाहेर केलंस, म्हणजे चारही उलटे पळाले. वर्षभर. माणसाला उलटं धाववलं तर तोही ओरडेल. त्यात पाच माणसांचं वजन, म्हणून नक्षीची टोकं करवतीसारखी झिजली. आता सरळ बसवलेस तरी आवाज जायचा नाही. भर पावसात याच टायरांवर तू गाडी हाकलीस, ते पाणी बाहेर फेकायचं सोडून आत ओढत होते, हे मी तुला आत्ता सांगते कारण तू अजून जिवंत आहेस.

लाल पट्ट्याचे घेऊ नकोस. सासूबाई म्हणतात तसे गुपचूप तर अजिबात घेऊ नकोस. गुपचूप घेतलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी तुझी मुलगी आहे, मला ते जमेल.

परवा एक भाड्याच्या गाडीवाला आला. तुझ्यासारखाच, माणसं खच्चून आणि टपावर सामान. मी म्हटलं, हे तुमच्या गाडीचे नाहीत. सासऱ्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि तुझं पत्र वाचायला लागले. तो हसला, मला म्हणाला, ताई, तुमच्या आईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि चारही घेऊन गेला. तो परत येणार आहे. त्याच्यामागून दुसरे येतील. आले की खुर्ची गेली. विकले नाहीत तर माल पडून राहील, तरी खुर्ची गेलीच.

मला ही खुर्ची हवी आहे, आई. मला फारसं काही जमत नाही, ते तुला माहीत आहे, तू मला त्यावरून रोज बोलायचीस. हे जमतं.

तू ये. जे लिहिलंस ते इथे उभं राहून तोंडाने परत घे. तोंड आवर असं मीच म्हटलं होतं. आता सोड.

◆

४ मार्च

विहीणबाई,

हे पत्र तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतेय. मी येणार त्याच दिवशी नेमका तुमच्या बहिणीचा डोळा दुखायला लागला. मी समजले. तुमच्या जागी मी असते तर पळाले नसते, पण समजले.

तर काय झालं ते माझ्याकडूनच ऐका, कारण तुमच्या घरात दोन माणसं आहेत आणि दोन्ही तुम्हाला काही सांगायची नाहीत.

कोपऱ्यावर वळले तसे व्याही दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. मी खाली उतरायच्या आतच म्हणाले, विहीणबाई, इंजिन एकदा दाखवून घ्या. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. पोरगी खुर्चीत बसली होती. मला बघून उठली नाही. मला ते बरं वाटलं.

मी म्हटलं, इंजिनाला काही झालेलं नाही, ओरडतात ते तुमचे टायर. काचेखालचं पत्र माझं आहे आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं आहे, सही सोडून. व्याह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे. वाकून बघितलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? टायरचं नाही विचारलं. म्हणाले, "नाव कुठे गेलं?"

"आत आहे," मी म्हटलं. "मीच करायला लावलं. तुमची पाटी मला माझ्या गाडीवर नको होती."

 एक गिऱ्हाईक जुने टायर तोलायच्या काट्याकडे टक लावून बघत होतं, त्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं आता व्याही पेटणार. पण नाही. त्यांना बाण दिसला. बाण बघितला आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मी माझ्या पोरीच्या लग्नातही तसं पाहिलं नव्हतं. टाळी वाजवली हो त्यांनी. म्हणाले, म्हणजे माल उत्तम आहे, बसवण्यात चूक झाली. सगळ्या गिऱ्हाइकांकडे वळून सांगितलं, बघा, उलटे बसवूनसुद्धा वर्षभर टिकले. मग पोरीकडे वळले. सरळ बसवले की लोणी, काय सूनबाई?

विहीणबाई, तिने नुसती मान हलवायची होती. चूक माझ्या गळ्यात, माल चांगला, खुर्ची शाबूत. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण बये, हो म्हण. वर्षभर नर्सबाईच्या खुणा बघून मला त्या चांगल्या जमायला लागल्यात. तिने माझ्याकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उठून आली, टायरवर हात फिरवला आणि व्याह्यांना म्हणाली, "सरळ बसवले असते तरी आईच्या गाडीला हे द्यायलाच नको होते."

व्याही म्हणाले, "मी दिले ते."

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच दिलेत."

बस. तेवढंच. आवाजही चढवला नाही. मग मला स्टुलावर बसवलं आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारायला लागली. माणसं किती बसतात, टपावर काय असतं, सिमेंटचा रस्ता किती, वेग किती. मी बेताचा वेग सांगितला. म्हणाली, खरं सांग. मी खरा सांगितला. एक गिऱ्हाईक माझ्यापासून जरा लांब सरकलं.

मी जरा झोकदार नक्षी असलेल्यांकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, ते बघायचे आहेत, पळवायचे नाहीत. मागून चार काढून आणले. बारीक खाचा, जवळजवळ बसलेल्या, वजन पेलायचा आकडा मोठा, आणि दिसायला अगदी सरकारी. यांना बाण नाही, म्हणाली, तुला कसेही बसवता येतील, तरी तू बसवू नकोस. चाकांची अलायमेंटही करून दिली. तोवर व्याह्यांनी काच उचलली, माझं पत्र काढलं, घडी करून खिशात घातलं आणि आत निघून गेले. बाहेर आलेच नाहीत.

मी चहा न घेता निघाले. तुमच्या घरून मी कधी चहा न घेता निघालेली नाही. पोरगी दारापर्यंत आली, म्हणाली, जा आता, मला गिऱ्हाइकं आहेत.

घरी गेल्यावर काय ते लिहा. खुर्ची गेली असेल तर सरळ लिहा. गोड लिहू नका. गोड लिहून काय होतं ते आपण बघितलं.

तुमची विहीण

◆

१२ मार्च

विहीणबाई,

परत आले. बहिणीचा डोळा बरा आहे. तो दुखत नव्हता.

तुम्ही गोड लिहू नका म्हणालात म्हणून सरळ लिहिते. ह्यांनी दोन दिवस दुकानात सूनबाईशी एक शब्द काढला नाही. घरात माझ्याशी काढले ते सगळे तुमच्याबद्दल. म्हणाले, पाटी नको म्हणणारी आई आणि घ्यायला आलेल्याला नको म्हणणारी मुलगी, असं घराणं दुकानात बसवलं तर महिन्याभरात टाळं लागेल. खुर्ची उचलतो, ती आपली घरात बरी.

मी आजवर ह्यांना उलट बोललेले नाही. चांगुलपणा म्हणून नाही, कंटाळा म्हणून. पण त्या दिवशी ताट वाढता वाढता म्हटलं, घरात आली तर मग भाजी रोज तिच्याच हातची. मी म्हातारी झाले, मी नाही आता ओट्यापाशी उभी राहायची.

ह्यांनी माझ्या हातची भाजी आणखी एकदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या भाड्याच्या गाडीवाल्याचा फोन आला. स्पीकरवर. त्याचे टायर आवाज करायला लागले होते, आणि तुम्हाला सांगते, त्याने ते सरळ बसवले होते. सगळ्या दुकानाने ऐकलं. ह्यांनी सूनबाईकडे बघितलं नाही. तिने आधीच काढून ठेवलेले चार साधे टायर ह्यांनी स्वतः टेम्पोत टाकले आणि त्याच्याकडे बदलून द्यायला निघाले. निघताना दुकानाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. ह्यांनी त्या आजवर माझ्याही हातात कधी दिल्या नव्हत्या.

तोंडाने काही बोललेले नाहीत. हंगाम अजून संपायचा आहे आणि ट्रकभर माल मागे तसाच रचलेला आहे. तेव्हा मीही अजून काही बोलत नाही. पण चाव्या तिच्याकडे आहेत.

तुमची विहीण

◆

९ मे

विहीणबाई,

तुमच्या पत्रानंतर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पोरगी फोनवर "ठीक आहे" म्हणते आणि ठेवून देते. आज लिहिण्यासारखं आहे.

नवे टायर अगदी मुके आहेत. पहिल्या दिवशी तर गाडी बंद पडली की काय म्हणून मी मधेच थांबवून बघितली. त्याचा एक त्रास झाला. लोक बोलायला लागले. नर्सबाई, जिला मी आजवर गरीब समजत होते, ती बसल्यापासून उतरेपर्यंत तोंड मिटत नाही. कॅशियरने कापूस काढला. माझं गाडी चालवणं कसं आहे यावर मागे चर्चा चालते हे मला आत्ता कळलं. त्यांना वाटतं मला अजून ऐकू येत नाही. मी त्यांचा गैरसमज ठेवलाय.

आज सकाळी कॅशियर नर्सबाईला सांगत होता. त्याची सासुरवाडी तुमच्याच गावात आहे. चार वर्षं हा माणूस माझ्या पाठीमागे बसतोय, मला पत्ता नाही. तर तो सुट्टीत सासऱ्याच्या गाडीला टायर घ्यायला एका दुकानात गेला. म्हणे तिथे एक बाई बसते, तोंडाची भलतीच फटकळ. स्वतः चांगल्या गादीच्या खुर्चीत बसलेली, आणि आम्हाला स्टुलावर बसवलं. टायर बघितले, म्हणाली, यांना अजून काही होत नाही, पुढचे मागे करा आणि घरी जा. घ्यायला गेलेल्या माणसाला हाकलून दिलं हो. शेजारी एक लाल छोटी गाडी उभी होती, तिला मात्र मागच्या ढिगातले चार काढून बसवत होती. म्हणत होती, हे खास तुमच्यासारख्या हलक्या गाड्यांचेच आहेत. असे आठवड्याला किती जातात म्हणून त्याच्या सासऱ्याने विचारलं, तर म्हणाली, पुरेसे.

मग सासरा म्हातारा माणूस, त्याला राग आला. दुकानाचे मालक मागे चहा पीत बसले होते. त्यांना म्हणाला, शेठ, तुमची सून गिऱ्हाईक घालवते.

इथे नर्सबाईला खोकला आला. खोकून झाल्यावर तिने विचारलं, मग शेठ काय म्हणाले? मला विचारायचं होतं ते तिने विचारलं, भलं होवो तिचं.

कॅशियर म्हणाला, शेठने कपसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, हिची आई नाही ना भेटली तुम्हाला? नशीबवान आहात. आता ती सांगते तसं करा आणि जा.

मी आरशात बघितलं नाही. पुढे चौक आला होता, तिथे कॅशियर उतरतो. रस्ता मोकळा होता, सिग्नल हिरवा होता. मी गाडी तिसऱ्या गिअरवर आणली, मग दुसऱ्या. मागे एकजण हॉर्न वाजवत होता. वाजवू दे. कॅशियर अजून खुर्चीचंच सांगत होता.

तुमची विहीण